पुढील शिक्षणासाठी

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचेसुनेचा फोन आला. तिची मुलगी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची नात, चौथी पास झाली होती. वाडीवरची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी हाताशी तीन शाळा होत्या. एक आमच्या जुन्या गावातली जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची मराठी शाळा; दुसरी नदीपलीकडच्या बाजारगावातलं, पाचवीपासून सुरू होणारं अनुदानित हायस्कूल; आणि तिसरी डोंगराच्या अंगाची, जिल्हा परिषदेचीच, पण पटसंख्येनं अगदी लहान. "मामा, तुम्ही उभा जन्म शाळा तपासल्यात. तिन्हींतली चांगली कुठली तेवढं सांगा," ती म्हणाली.

मी सातारा जिल्ह्यात आधी प्राथमिक शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख होतो. दहा-बारा शाळांच्या केंद्रावर फिरायचं, वर्ग पाहायचे, शेरेबुकात शेरा लिहायचा आणि वरच्या कार्यालयाला तक्ते पाठवायचे, हे माझं काम. या तिन्ही शाळा शेवटची काही वर्षं माझ्याच केंद्रात होत्या. तेव्हा उत्तर जिभेवर असायला हवं होतं. पण मी "आठ दिवसांनी सांगतो" म्हणून फोन ठेवला. त्या आठ दिवसांत जुनी कागदपत्रं, वह्या, पुस्तकं काढून बसलो आणि लक्षात आलं की शाळांची तुलना करायची आपली पद्धत शाळांइतकीच जुनी आहे. ती पद्धत कुठून आली हे पाहिल्याशिवाय भाचेसुनेला खरं उत्तर देता येणार नव्हतं.

मधल्या वर्गांना घर नाही

पहिला घोटाळा इयत्तांचाच आहे. पाचवी, सहावी, सातवी हे आपल्याकडचे मधले वर्ग. एकाच गावात ते दोन ठिकाणी भरतात: मराठी शाळेत शेवटचे वर्ग म्हणून आणि हायस्कुलात पहिले वर्ग म्हणून. पुस्तकं तीच, परीक्षा तीच. पण एका ठिकाणी सातवी म्हणजे निरोपसमारंभ आणि दुसऱ्या ठिकाणी सातवी म्हणजे नुसता पुढचा वर्ग. या दोन सातव्यांची तुलना सरळ कशी करणार?

ही दुहेरी व्यवस्था कुणी मुद्दाम आखलेली नाही. ती इतिहासातून उरलेली आहे. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखातं उभं राहिलं. त्यानंतरच्या दशकांत इथं मुलाची वाट मराठी चौथीनंतर फुटू लागली. ज्याच्या घरी फी भरण्याची ऐपत आणि शहरात राहण्याची सोय, तो 'इंग्रजी पहिली'त जाई. इंग्रजी पहिली ते तिसरी हे मधले वर्ग. ते ज्या शाळांत चालत त्यांचं नाव अँग्लो-व्हर्नाक्युलर, लोकांच्या तोंडी ए.व्ही. स्कूल. तिथून इंग्रजी चौथी ते सातवी, मग मॅट्रिक, मग कॉलेज, वकिली, मामलेदारी.

दुसरी वाट मराठी शाळेतच पुढं जाई. मराठी पाचवी, सहावी आणि शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा. फायनल झालेला माणूस शाळामास्तर होई, तलाठी होई, लोकल बोर्डात कारकून होई. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या माणसांची ओळख "ते फायनल झालेत" अशीच करून देत. त्यात आदर असे आणि 'फायनल' या शब्दात शेवटही असे. ती वाट तिथं संपत होती.

इंग्रजी पहिली पुढं पाचवी झाली, इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक अकरावी झाली. आकडे सलग झाले, पण वाटा जोडल्या गेल्या नाहीत. आजची मराठी शाळेतली सातवी ही त्या फायनलची वारस आहे आणि हायस्कुलातली पाचवी ही इंग्रजी पहिलीची.

दिपोटी आणि निकाल

दुसरा घोटाळा मोजपट्टीचा. शाळा चांगली की वाईट हे ठरवायला खात्याकडं सुरुवातीपासून एकच साधन होतं: तपासणीच्या दिवशी हजर असलेल्या मुलांची परीक्षा. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. इन्स्पेक्टरनं येऊन मुलं तपासायची, जितकी मुलं ज्या विषयात पास तितका पैसा. हिशेब सोपा होता, आणि कामचुकार शाळांना त्यानं धाक बसला हेही खरं. पण त्याबरोबर एक सवय लागली. शाळेची किंमत म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी पास झालेले. जो बसलाच नाही तो हिशेबात नाही.

सरकारी आणि लोकल फंडाच्या शाळांवर दिपोटीसाहेबांची वार्षिक तपासणी असे. तिच्या गोष्टी प्रत्येक खेड्यात आहेत. आदल्या दिवशी शाळा सारवायची, तोरण लावायचं, मुलांना धुतलेले कपडे घालून यायला सांगायचं. आणि ज्यांना पाढे येत नाहीत त्यांना मास्तर हळूच सांगत, "उद्या तू गुरं घेऊन जा." दिपोटी बदलले, त्यांची पदनामं बदलली, घोड्याच्या जागी जीप आली. पण ढ पोराला तपासणीच्या दिवशी घरी ठेवण्याची चाल मी स्वतः मास्तर असतानाही पाहिली आहे. खोटं कशाला बोलू, एकदा-दोनदा केलीही आहे.

फुल्यांनी मोजलेली मुलं

या पद्धतीवर पहिलं मोठं बोट ठेवलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी जे निवेदन दिलं, ते आपल्याकडं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं ते म्हणाले. पण मी तपासणीच्या धंद्यातला माणूस असल्यामुळं मला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट तपासणीबद्दलची. वर्षातून एकदा येणाऱ्या दिपोटीचा फारसा उपयोग नाही, शाळा निदान दर तीन महिन्यांनी तपासल्या पाहिजेत आणि कधीकधी आगाऊ कळवल्याशिवाय गेलं पाहिजे, असं त्यांनी सुचवलं. सारवलेली शाळा आणि रोजची शाळा यांतला फरक त्यांना माहीत होता. ते स्वतः शाळा चालवलेले गृहस्थ होते.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. फुल्यांनी शाळेत असलेल्या मुलांपेक्षा नसलेली मुलं मोजली. महार-मांगांच्या मुलांना इतरांशेजारी बसू देत नाहीत म्हणून ती शाळेबाहेर राहतात, त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत त्या मोठ्या शहरांतच, आणि खुद्द पुण्यात या वर्गाची पाच हजारांवर वस्ती असताना एकच शाळा आणि तीत तीसपेक्षाही कमी मुलं, हे त्यांनी आयोगापुढं मांडलं. त्या शाळेतल्या मुलांपैकी किती पास झाली हे खात्याचं कोष्टक सांगू शकत होतं. फुल्यांचा प्रश्न वेगळा होता: पाच हजारांच्या वस्तीत मुलं किती, आणि त्यांतली या दारापर्यंत पोचली किती?

यात पैशाचाही सवाल होता. शेतकऱ्याकडून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागं एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. १८६९च्या कायद्यानं त्याला पक्कं रूप दिलं. म्हणजे ज्या कुणब्याचं पोर तपासणीच्या दिवशी गुरांमागं होतं, त्याच्याच पट्टीवर शाळा चालत होती. ज्याचा पैसा त्याचं पोर हिशेबात नाही, ही फुल्यांची मूळ तक्रार.

दार आणि दारापर्यंतचा रस्ता

सार्वजनिक शाळेचं दार सर्वांना उघडं आहे हे कागदावर फार लवकर आलं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला, तेव्हा मुंबई सरकारनं शाळेचीच बाजू घेतली. एकासाठी बाकीची मुलं जातील, ही भीती. त्यानंतर दोनच वर्षांनी विलायतेहून कंपनीच्या संचालकांनी कळवलं की सरकारी शाळा सगळ्या जातींसाठी आहेत. तत्त्व ठरलं, व्यवहार राहिला. १९२३ साली सीताराम केशव बोले यांना मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव मांडावा लागला, यातच काय ते समजतं.

आमच्या साताऱ्यातलंच उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव राजवाड्यातल्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झालं. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातली ती नोंद आपण अभिमानानं दाखवतो आणि दाखवावीच. पण त्या काळच्या शाळेबद्दल आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय, की बसायला गोणपाट घरून न्यावं लागे आणि संध्याकाळी परत आणावं लागे. नळाला हात लावता येत नसे, शिपायानं तोटी सोडली तर पाणी, नाहीतर तहान. त्या वर्षी खात्याच्या कोष्टकात ही शाळा पहिल्या प्रतीचीच असणार. रजिस्टरात तो मुलगा दाखल होता, हजर होता, पास होता. गोणपाटासाठी रकाना नव्हता.

या रकान्याबाहेरच्या गोष्टी ज्यांनी पाहिल्या, त्यांनी शाळांची तुलना करण्यापेक्षा शाळेपर्यंतचा रस्ता बांधला. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली सक्तीचं शिक्षण राज्यभर नेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. त्याच वर्षी कराडजवळच्या काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढं १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं. साताऱ्यातलं सयाजीराव हायस्कूल निघालं ते १९४० साली. म्हणजे भाऊरावांनी हायस्कुलाच्या पुष्कळ आधी वसतिगृह काढलं. खेड्यातल्या पोराची अडचण चांगली शाळा कुठली ही नसून तिथवर जाऊन राहायचं कुठं ही आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

नदीच्या दोन तीरांवर

आता घरची गोष्ट. १९२३च्या कायद्यानं प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डाकडं गेल्या. १९६१चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तशा त्या परिषदेकडं आल्या. आमच्या गावची शाळा अशीच, आधी लोकल बोर्डाची आणि मग जिल्हा परिषदेची. आमची आई मात्र शेवटपर्यंत तिला 'बोर्डाची शाळा' म्हणत असे.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं १९६४ साली त्या शाळेतून सातवी केली. सातवीला तेव्हा बाहेर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागे. अक्का पास झाली, नुसती पास नव्हे, गणितात वर्गात पहिली आली. गुरुजी घरी येऊन पेढा देऊन गेले.

आठवी नदीपलीकडं होती. कृष्णेवर आमच्याकडं तेव्हा पूल नव्हता. नावाड्याची होडी होती आणि घरटी सुगीला धान्य देऊन ती चाले. पावसाळ्यात नदी भरली की होडी बंद. फीचा प्रश्न नव्हता; १९५९ सालापासून कमी उत्पन्नाच्या घरांना ई.बी.सी.ची फी माफी मिळू लागली होती. प्रश्न होता तेरा वर्षांच्या मुलीला होडीतून पलीकडं पाठवायचं की नाही एवढाच. त्यावर घरात फार चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. जूनमध्ये अक्का शेतावर जाऊ लागली. दोन वर्षांनी मी पाचवीत गेलो, तेव्हा वडिलांनी मला थेट हायस्कुलात घातलं. म्हणजे पाचवीपासूनच मी होडीत. मराठी शाळेतली पाचवी गावातच होती, पण "पुढं अडायला नको" म्हणून मला पलीकडं घातलं. अक्कानं माझं दप्तर शिवलं. वडील दुजाभाव करणारे नव्हते. होडीत मुलगी एकटीच बसेल, ही गोष्ट मात्र त्यांच्या मनाला पटली नाही.

मला पुष्कळ वर्षं वाटत होतं की मी शिकलो कारण हायस्कूल चांगलं होतं. अक्काची मराठी शाळा काही वाईट नव्हती. उलट गणित तिथं जास्त चांगलं शिकवत. माझी शाळा पुढं अकरावीपर्यंत जात होती आणि अक्काची सातवीला संपत होती, फरक तेवढाच होता.

माझा तक्ता

केंद्रप्रमुख झाल्यावर मीही तक्ते केले. आमच्या काळात शाळांचा मान ठरे तो शिष्यवृत्ती परीक्षेवर. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेली गेली, आमच्या वेळी चौथी आणि सातवीला असे. मी प्रत्येक शाळेची 'बसलेले' आणि 'उत्तीर्ण' अशी टक्केवारी काढून उतरत्या क्रमानं लावत असे आणि केंद्रसंमेलनात वाचून दाखवत असे.

आमच्या गावची मराठी शाळा बहुतेक वेळा वर असे. तिथं निवडक मुलांनाच परीक्षेला बसवत आणि त्यांच्याकडून जादा तासाला घोटून घेत. हायस्कुलाचा नंबर मधला. डोंगराकडची शाळा कायम शेवटी. तिथले गुरुजी हट्टी. सातवीतल्या सगळ्याच्या सगळ्या मुलांना परीक्षेला बसवायचे. मी त्यांना एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, "गुरुजी, जरा निवडून बसवा की. केंद्राचा निकाल पडतो." ते म्हणाले, "साहेब, कुणाला घरी ठेवू ते तुम्ही सांगा." संमेलनात हशा झाला. मीही हसलो. निकालावर अनुदान घेणाऱ्या जुन्या शाळा जो हिशेब करत, तोच मी शंभर वर्षांनंतर, कुणी सांगितलं नसताना, स्वखुशीनं करत होतो. फुल्यांचं निवेदन मी डी.एड.ला अभ्यासलं होतं, प्रश्नोत्तराला पाठही केलं होतं.

दोन रजिस्टरं

निवृत्तीला दोनेक वर्षं असताना गावातल्या एकाला जुन्या जन्मतारखेचा उतारा हवा होता. मी मराठी शाळेत बसून जनरल रजिस्टरचे जुने खंड चाळत होतो. १९६४चं पान आलं. ओघानंच अक्काचं नाव शोधलं. सापडलं. पूर्वीची शाळा, दाखल तारीख, प्रगती 'चांगली', वर्तणूक 'चांगली'. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं: पुढील शिक्षणासाठी.

वर-खाली पाहिलं. सातवी पास झालेल्या प्रत्येक नावापुढं, मुलगा असो की मुलगी, एकाच शाईनं, एकाच हातानं तेच दोन शब्द होते. गुरुजींनी काही खोटेपणा केला नव्हता. सातवी झाली म्हणजे दाखल्यावर हेच लिहायचं, अशी रीतच होती आणि आजही पुष्कळ ठिकाणी आहे.

दुसऱ्या दिवशी मी नदीपलीकडं गेलो. आता पूल आहे, पाच मिनिटं लागतात. हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांना विनंती करून १९६४च्या जूनचं प्रवेशाचं पान काढायला लावलं. तिथंही एक रकाना असतो, 'पूर्वीची शाळा'. आमच्या शाळेचं नाव त्या रकान्यात सापडत गेलं. अक्काच्या वर्गातले मुलगे एकेक करून भेटले, त्यांतले काही आज हयात नाहीत. मुलगी एकही भेटली नाही. एका रजिस्टरात त्या पुढील शिक्षणासाठी गेल्या होत्या आणि दुसऱ्या रजिस्टरात पोचल्याच नव्हत्या. दोन इमारतींत मैलाचंही अंतर नव्हतं, पण ही दोन पानं शेजारी ठेवून कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी स्वतः इतकी वर्षं दोन्हींवर तपासणीच्या सह्या करत होतो.

मग नाद लागला. माझ्या केंद्रातल्या तिन्ही शाळांची अलीकडची पानं मी तशीच समोरासमोर ठेवली. बदल मोठा झाला होता, हे आधी सांगतो. १९९०च्या दशकात मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळू लागला आणि त्या एका पासानं जे केलं ते आमच्या शेकडो शेऱ्यांनी केलं नसतं. गावच्या शाळेतल्या बहुतेक मुली आता पलीकडच्या रजिस्टरात सापडत होत्या. पण सगळ्या नाही. आणि जी सापडत नव्हती त्यांच्याबद्दल पहिल्या नंबराच्या शाळेला काही विचारलं की उत्तर यायचं, "दाखला नेला, साहेब. पुढचं आपल्याकडं नसतं."

हायस्कुलात उलट गंमत. तिथं पाचवीला आलेली काही नावं सातवीच्या आत गळत होती. कारण 'सततची गैरहजेरी' किंवा 'पालकांच्या विनंतीवरून'. पाचवीत मुलं मिळवण्यासाठी मात्र मे महिन्यात शिक्षक दारोदार फिरत, कारण शिक्षकांची पदं पटावर ठरतात. जिल्हा परिषदेचे शिक्षकही त्याच गल्लीत फिरत. एकाच पोराच्या दारात दोन शाळा.

डोंगराकडच्या शाळेचं रजिस्टर उघडलं तेव्हा मला थोडं ओशाळायला झालं. त्या हट्टी गुरुजींनी 'पुढील शिक्षणासाठी' एवढ्यावर भागवलं नव्हतं. शेऱ्याच्या बारीक रकान्यात ते पुढची शाळा लिहून ठेवत: अमुक वसतिगृह, अमुक हायस्कूल. आमच्या डोंगरातले बापे मुंबईला माथाडीत; त्यामुळं काही ठिकाणी 'मुंबईस वडिलांकडे, शाळेत घातल्याचे समजले'. आणि दोन-तीन नावांपुढं, नंतर वेगळ्या शाईनं, 'घरीच आहे'. मी विचारलं, "हे कशाला लिहिलंत?" ते म्हणाले, "पुढच्या जूनला परत जायला बरं पडतं." ते खरोखरच जात असत. मुलांना घेऊन उतरून येत आणि प्रवेश होईपर्यंत हायस्कुलाच्या व्हरांड्यात बसून राहत. त्या व्हरांड्यात मी त्यांना पाहिलं होतं. कशासाठी बसलेत हे कधी विचारलं नव्हतं.

माझ्या तक्त्यात ही शाळा शेवटची होती. मुलगा शाळेबाहेर पडल्यावरही त्याचा हिशेब ठेवणं ही मोजपट्टी लावली असती, तर ती पहिली आली असती.

आजचं उत्तर

कायद्यानं हा मधला खड्डा बुजवायचा प्रयत्न केला आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे गट धरले. आपल्याकडं पहिल्या गटाची शाळा एक किलोमीटरच्या आणि दुसऱ्या गटाची तीन किलोमीटरच्या आत हवी, असं ठरलं. त्यासाठी चौथीच्या शाळांना पाचवी आणि सातवीच्या शाळांना आठवी जोडायला सुरुवात झाली. हायस्कुलांची पाचवी जाईल म्हणून संस्थांचा विरोध झाला, आणि काम काही ठिकाणी झालं, काही ठिकाणी अर्धवट राहिलं. अक्काच्या नातीच्या वाडीला पाचवी अजून मिळालेली नाही. २०२०च्या राष्ट्रीय धोरणानं सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानला. म्हणजे दीडशे वर्षांनी मधल्या वर्गांना कागदावर का होईना स्वतःचं नाव मिळालं.

पण त्याच वेळी उलटा वाराही आहे. २०२३ साली शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं समायोजन करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक मिळतात, खेळाला गडी मिळतात, हे मला मान्य आहे. दोन वर्गांना एक शिक्षक यात काही सुख नाही. मी ते सोसलं आहे. पण पट हीच एक मोजपट्टी लावली तर माझ्या केंद्रातली पहिली बंद होणारी शाळा डोंगराकडची असेल. मग तिथल्या मुलांना मोठी शाळा मिळेल आणि तिच्यापर्यंत जाणारी होडी नसेल.

आठव्या दिवशी मी भाचेसुनेला फोन केला. नंबर सांगितले नाहीत. म्हटलं, तिन्ही शाळांत जा, आधी कळवू नकोस, आणि तीन गोष्टी विचार. आज वर्गात कोण आलं नाही आणि का? गेल्या वर्षी सातवी झालेली मुलं आत्ता कुठं आहेत, नावानिशी? आणि आपल्या वाडीवरून पोर येणार तर कशी येणार, कुणाबरोबर? जे मुख्याध्यापक रजिस्टर न उघडता सांगतील, तिथं घाल. निकालाचा फलक शेवटी वाच.

ती गेली. बरोबर अक्काही गेली, हे मला नंतर कळलं. गावच्या मराठी शाळेत आता नव्या बाई मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी सातवीच्या मुलांची नावं घेऊन कोण कुठं आहे ते घडाघडा सांगितलं, आणि एक मुलगी घरी आहे तिच्या आईला उद्या भेटायला जाणार आहे हेही सांगितलं. नात तिथं पाचवीत गेली. अक्काच्याच शाळेत.

त्या रजिस्टरातल्या नोंदीबद्दल मी अक्काला इतकी वर्षं बोललो नव्हतो. या दिवाळीआधी हा लेख लिहायला घेतला तेव्हा सांगितलं. ती चकल्यांचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिहिलं होतं का तसं? बरं. मग जायचंच तेवढं राहिलं." थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "आणि नातीचं काय लिहितील रे?"

मी म्हटलं, "ते अजून कोरं आहे."